क्युबिकलमध्ये मान-खांदे दुखतात? आधी खुर्चीकडे बघा

(खुर्चीवर बसून, हात कीबोर्डवर)

नमस्कार! आधी एक करून बघू. टाइप करताना ठेवता तसे हात कीबोर्डवर ठेवा आणि खांद्यांकडे लक्ष द्या. थोडे वर, कानांकडे गेलेत का? गेले असतील तर टेबल तुम्हाला उंच पडतंय आणि दिवसभर तुम्ही नकळत खांदे उचलून धरताय.

क्युबिकलमधलं टेबल बऱ्याचदा पार्टिशनलाच घट्ट बसवलेलं असतं, जमिनीपासून साधारण ७३-७४ सेंटीमीटरवर. ते खाली-वर होत नाही, म्हणून खुर्ची हलवायची. कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत ती वर घ्या. आता पाय लोंबकळायला लागतील, सीटची कड मांडीखाली रुतेल, पायाला मुंग्या येतील. इथेच बहुतेक जण कंटाळून खुर्ची पुन्हा खाली घेतात आणि खांदे दुखवून घेतात. तसं करू नका, पायाखाली फूटरेस्ट घ्या. तो मिळेपर्यंत कागदाच्या रिमांचा गठ्ठाही चालतो. कंबर खुर्चीच्या पाठीला नीट टेकलेली हवी आणि सीटची कड व गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जातील एवढी जागा हवी.

स्क्रीनचा नंबर यानंतर, कारण खुर्ची वर गेली की डोळेही वर जातात. स्क्रीन हातभर लांब, तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. बायफोकल चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं. आणि दिवसभर लॅपटॉपवरच काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्याच. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा वर घेतला तर हात अवघडतात, खाली ठेवला तर मान वाकते.

(कॅमेऱ्याच्या जवळ येऊन)

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या एका जुन्या ऑफिसात प्लग पॉइंट क्युबिकलच्या डाव्या कोपऱ्यात होता, म्हणून मॉनिटरही त्याच कोपऱ्यात. कीबोर्ड समोर, नजर डावीकडे. डोकं साधारण पाच किलोचं असतं, आणि मी ते कित्येक महिने वळवलेल्या मानेवर पेलत होते. मी उशा बदलल्या, मलमं लावली. शेवटी एक्स्टेन्शन बोर्ड आणून मॉनिटर समोर घेतला, तेव्हा कुठे दुखणं हळूहळू ओसरलं. मान एकाच बाजूला दुखत असेल तर मॉनिटर, फोन आणि माउस कुठे आहेत ते आधी तपासा. दुखणं हातात उतरत असेल, बोटं बधिर होत असतील, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

एवढं सगळं जमलं तरी एकाच जागी तासन् तास बसायचं नाही. हा मुद्दा मला फार जवळचा आहे, कारण क्युबिकलचा जन्मच हालचालीच्या विचारातून झालाय. १९६४ साली हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीनं तिथले संशोधक रॉबर्ट प्रॉप्स्ट यांच्या कल्पनेतून ‘ॲक्शन ऑफिस’ नावाचं ऑफिस-फर्निचर आणलं. त्यात उभं राहून काम करायचं डेस्कही होतं. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हलवता येणारी पार्टिशन आली. कंपन्यांनी ती काटकोनात जोडून कमी जागेत जास्त माणसं बसवली, आणि पुढे खुद्द प्रॉप्स्ट यांनीच त्यावर कडक टीका केली. तेव्हा फोन आला की उभे राहा. पाण्याची बाटली छोटी ठेवा, म्हणजे ती भरायला उठावंच लागेल. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी वेळा मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात.

आता आवाज. पार्टिशन नजर अडवतं, बोलणं अडवत नाही. एसीची घरघर आपण थोड्या वेळात विसरतो, पण पलीकडचं फोनवरचं हळू बोलणंही मन ओढून घेतं, कारण त्यातले शब्द कळतात. आपणही त्याच वेळी वाचत-लिहीत असतो, म्हणजे डोक्यात शब्दांचंच काम चालू असतं. म्हणून हेडफोनवर गाणी लावून उपयोग होत नाही, त्यांतही शब्दच असतात. पावसाचा किंवा पंख्याचा एकसुरी आवाज लावून बघा. सगळ्यात अवघड काम आजूबाजूला शांतता असते त्या वेळेला ठेवा.

आणि सतत थंडी वाजत असेल तर स्वतःला नाजूक समजू नका. ऑफिसच्या तापमानाची मानकं साधारण चाळिशीतल्या, ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरावर बेतलेली आहेत, हे नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ साली मांडलं. एसीचा झोत थेट अंगावर येत असेल तर तो वळवून मागा, ही मागणी रास्त आहे.

(सीटखाली हात नेऊन)

बहुतेक खुर्च्यांची उंची बदलायचा लिव्हर इथे असतो, सीटखाली उजव्या हाताला. सापडला? जरा उठून वजन हलकं करा, लिव्हर ओढा, आणि कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत सीट वर येऊ द्या.