शुद्ध स्वरांतले दुःख : अमेरिकेच्या कंट्री गाण्यांविषयी

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी आणि रसिकहो,

आपल्या मेळाव्यात नाट्यसंगीतावर, भावगीतांवर किंवा अभंगांवर बोलण्याची प्रथा आहे. आज मात्र ज्या भूमीत आपण संसार मांडले, तिच्याच एका गानप्रकाराविषयी बोलण्याची परवानगी मी मागून घेतली आहे. टेनेसीत राहणाऱ्याच्या कानांवर कंट्री संगीत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील खेड्यापाड्यांत रुजलेले गाणे, पडतच असते. पण आपल्यापैकी फार थोडे जण ते मन लावून ऐकतात, आणि त्यातली दुःखाची गाणी तर आपण थट्टेवारीच नेतो. बायको सोडून गेली, कुत्रा मेला, ट्रक बंद पडला, असे या गाण्यांचे विडंबन अमेरिकन लोक स्वतःही करतात. मला ती थट्टा अन्यायाची वाटते, कारण या परंपरेतील उत्तम गाण्यांत शोकाचे प्रदर्शन जवळजवळ नसते. गायक समोर घडलेली हकिगत सांगतो, तीही कमीत कमी शब्दांत, आणि दुःख करण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवतो. या गाण्यांची ओढ मला लागली ती त्यांच्या या संयमामुळे.

जॉर्ज जोन्स यांनी गायलेले १९८० सालचे ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ (त्याने आज तिच्यावर प्रेम करणे थांबवले) हे गाणे उदाहरणादाखल घेऊ. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी ते लिहिले. कथा सांगणारा तिऱ्हाईत आहे. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन, असे एका माणसाने एका स्त्रीला सांगितले होते आणि काळ गेला की विसरशील, असे तिने उत्तर दिले होते, एवढ्यावर गाणे सुरू होते. ती गेल्यावर त्याने तिचे छायाचित्र भिंतीवर लावले, १९६२ सालची तिची पत्रे जपून ठेवली आणि त्यांत जिथे जिथे प्रेमाची कबुली होती तिथे तिथे लाल रेघ ओढली. पुढे निवेदक सांगतो की आज मी त्याला भेटायला गेलो, तर त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते, अंगावर चांगले कपडे होते आणि कित्येक वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू दिसले. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटते की अखेर हा माणूस सावरला. मग ध्रुवपद येते, दारावर लावलेल्या पुष्पचक्राचा उल्लेख येतो, आणि त्याचे प्रेम आज का थांबले ते कळते. पहिल्याच ओळीत दिलेला शब्द त्याने अक्षरशः पाळलेला असतो. यात फसवणूक कुठेही नाही. सगळे सुरुवातीलाच सांगितलेले होते, आपण ते बोलण्याची रीत म्हणून ऐकले होते.

हे गाणे इतके उदास आहे की ते कोणी विकत घेणार नाही, असे खुद्द जोन्स यांचे मत होते. प्रत्यक्षात ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि २०१३ साली जोन्स वारले तेव्हा कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात, ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमाच्या सभागृहात झालेल्या अंत्यविधीत अ‍ॅलन जॅक्सन यांनी तेच गायले. जोन्स यांच्या गळ्याविषयी आपल्या श्रोत्यांना एवढेच सांगते, की शब्द जवळजवळ मिटलेल्या दातांतून येतो आणि एखाद्या अक्षरावर अशी बारीक मुरकी येते की ठुमरी ऐकलेल्या कानाला ती लगेच ओळखता यावी.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांच्यातला भेद मोठ्या नेमकेपणाने सांगितला आहे. विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे पुन्हा भेटीची आशा असलेला. करुण निरपेक्ष, म्हणजे ती आशा उरलेली नाही असा. आत्ता सांगितलेल्या गाण्यात ही सीमारेषा ध्रुवपदावर ओलांडली जाते. तोपर्यंतची सारी पत्रे आणि ते छायाचित्र विरहाच्या बाजूला आहे, आणि एका ओळीत ते सगळे शोकाच्या बाजूला जाते. पुढे मध्येच गाणे थांबून निवेदक साध्या बोलण्यात सांगतो की ती शेवटचे पाहायला आली होती. गायन सोडून बोलण्याची ही युक्ती कंट्रीत जुनी आहे, पण इथे ती अपरिहार्य वाटते, कारण भेट आता झालेली आहे आणि तिचा उपयोग संपलेला आहे.

आता स्वरांकडे वळू. कोमल गंधार, कोमल धैवत लागले की मन भरून येते, असा आपला अनुभव असतो. कंट्रीतली पुष्कळशी अत्यंत दुःखी गाणी मात्र आपल्या बिलावलाला जवळच्या शुद्ध स्वरांच्या सप्तकात बांधलेली आहेत. हँक विल्यम्स यांचे १९४९ सालचे ‘आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय’ तसेच आहे, आणि त्याची चाल तीन मात्रांची, वॉल्ट्झ नाचाची आहे. नाचाच्या ठेक्यात, उजळ स्वरांत, एक माणूस रात्रीच्या पक्ष्याविषयी, मध्यरात्री जाणाऱ्या गाडीविषयी आणि निखळणाऱ्या ताऱ्याविषयी सांगत जातो. शब्द आणि सूर यांच्यातली ही तफावत मला या संगीताचे सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते, कारण सूर शोक करत नसल्यामुळे शब्दांना रडके होण्याची मुभा मिळत नाही.

त्या तफावतीत जो हुंदका ऐकू येतो, तो बहुधा स्टील गिटारचा असतो. हे वाद्य मूळचे हवाई बेटांवरचे. तारांवर धातूची कांडी सरकवून त्यावर मींड काढतात. पुढे त्याला पायाने दाबायची पेडल आणि गुडघ्याने ढकलायच्या तरफा जोडल्या गेल्या, त्यामुळे एक स्वर स्थिर ठेवून त्याच्या शेजारचा स्वर वर-खाली ओढता येऊ लागला. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या, वेब पिअर्स या गायकाच्या गाण्यात बड आयझॅक्स यांनी पेडलची स्टील गिटार वाजवली आणि नॅशव्हिलचा आवाजच बदलला. हीच हवाईयन गिटार भारतातही पोचली, आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. मींडेवर वाढलेल्या आपल्या कानाला पेडल स्टील परके वाटत नाही, याचे कारण इथे असावे.

हे संगीत केवळ गोऱ्या शेतकऱ्यांचे आहे, हा समजही टिकणारा नाही. बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यपरंपरेतून आला. हँक विल्यम्स लहानपणी अलाबामात रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाकडून शिकले. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात राल्फ पीअर या ध्वनिमुद्रिका-निर्मात्याने ध्वनिमुद्रणे केली, त्यांत गाणारे कार्टर कुटुंब होते आणि रेल्वेत काम केलेले जिमी रॉजर्स होते. रॉजर्स क्षयाने आजारी होते; त्या आजारावरच त्यांनी गाणे म्हटले आणि १९३३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले.

आपल्यासारख्या स्थलांतरितांनी ऐकावे असे एक गाणे मी शेवटी ठेवले आहे. कोळशाच्या खाणींत आणि डोंगरउतारावरच्या शेतीत भागेना म्हणून विसाव्या शतकात अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांतून आणि दक्षिणेतून लाखो माणसे डेट्रॉइट, शिकागो, सिनसिनाटीच्या कारखान्यांत गेली. बॉबी बेअर यांनी १९६३ साली लोकप्रिय केलेल्या ‘डेट्रॉइट सिटी’ या गाण्यातला माणूस त्यांच्यापैकी आहे. दिवसा तो मोटारी जोडतो, रात्री दारूच्या गुत्त्यांत बसतो. त्याच्या पत्रांवरून घरच्यांना वाटते की आपला मुलगा मोठ्या शहरात मोठा झाला. त्याला मात्र कापसाच्या शेतांची आणि घराची स्वप्ने पडतात. घरी कळवलेल्या सुखाचे ओझे या गाण्याइतके स्वच्छ मांडलेले मी क्वचितच ऐकले आहे. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या चाकरमान्यांनी गावी पाठवलेल्या मजकुरातही हेच दडलेले असे. आणि या सभागृहात असे कोण आहे, ज्याने आईच्या फोनवर आवाज मुद्दाम प्रसन्न करून ‘इथे सगळे उत्तम चालले आहे’ असे कधीच म्हटले नाही?

हल्लीच्या कंट्रीत दुःखापेक्षा शुक्रवारची संध्याकाळ, बिअर आणि ट्रक यांचेच राज्य अधिक आहे, आणि त्या गाण्यांबद्दल मला विशेष प्रेम नाही. म्हणून नव्याने ऐकणाऱ्यांनी जुन्यांपासून सुरुवात करावी, असे मी सुचवते. जेवणानंतर शेजारच्या दालनात आज उल्लेखलेली तीन गाणी हँक विल्यम्स, बॉबी बेअर आणि जॉर्ज जोन्स या क्रमाने ऐकवली जाणार आहेत, आणि प्रत्येकापूर्वी शब्दांचा मराठी आशय मी सांगेन. कृपया गाणे सुरू असताना बोलू नये. जोन्स यांच्या गाण्यातला बोलून सांगितलेला भाग फार हलक्या आवाजात आहे.