पारशिवनी २४, भिवापूर २१
(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : कळमना बाजार, पहाट. गाड्यांचे दिवे, संत्र्यांचे ढीग.)

नागपूरचा कळमना बाजार. आंबिया बहराचा हंगाम. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या भागातून रात्रभर गाड्या येतात. बोली लागते, धरमकाट्यावर वजन होतं, आणि मग शेतकरी अडतीच्या दुकानासमोर हिशेबपट्टीसाठी उभा राहतो. ही पट्टी पूर्वी हाताने लिहीत. आता ती संगणकातून निघते.

त्या सकाळी आमचा कॅमेरा संत्र्यांची आवक टिपायला आला होता. म्हणून पुढची दृश्यं हाती लागली.

(दृश्य : दुकानातला काउंटर. पडद्यावरचा लाल चौकोन जवळून.)

‘काहीतरी चुकले. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

काउंटरवरची ताई पुन्हा प्रयत्न करते. तोच चौकोन. पुढच्या शेतकऱ्याची पट्टी मात्र लगेच निघते. त्याच्या मागच्याचीही निघते. मग पुन्हा लाल चौकोन.

ती सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावते. हा आवाज आमच्याकडे आहे.

“भाऊ, पट्टी नाही निघून राह्यली. नाही, सगळ्यांची नाही. काही काहींचीच अटकून राह्यली.”

पलीकडून सांगितलं जातं : प्रिंटर बंद करून चालू करा. ती करते. नेट बघा. ती बघते.

(दृश्य : रांगेतले चेहरे. निवेदन नाही, बाजाराचा आवाज.)

ज्यांची पट्टी अडली त्यांचा हिशेब दुपारनंतर झाला. परतीच्या गाडीचं भाडं तोवर वाढलं होतं.

(दृश्य : गायत्रीनगर, आयटी पार्कचा परिसर. छोटं कार्यालय, तीन टेबलं, फळा.)

हे सॉफ्टवेअर नागपुरातच लिहिलं जातं. चार-पाच जणांची टीम आहे. सकाळी दहा वाजता इथला तरुण प्रोग्रामर तोच पडदा आपल्या संगणकावर उघडतो, चाचणीच्या शेतकऱ्याचं नाव टाकतो आणि पट्टी काढतो. निघते. दुसरी काढतो. तीही निघते. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य या धंद्यात रोज कुठे ना कुठे बोललं जातं, आणि तक्रारी मरतात त्या बहुतेक इथेच. दुकानात बिघाड खरा असतो, कार्यालयात तो दिसत नाही, आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं.

या दोघांच्या मध्ये तिसरा साक्षीदार असतो : लॉग.

(दृश्य : काळा पडदा, वर सरकणाऱ्या ओळी.)

चालू असलेलं सॉफ्टवेअर आपण काय करतोय ते ओळीओळीने एका फाइलीत लिहीत जातं. विनंती आली. वापरणारा ओळखला. वजन मिळालं. डेटाबेसकडे, म्हणजे माहितीच्या साठ्याकडे, गेलो. प्रत्येक ओळीला वेळ, आणि प्रत्येक ओळीला तिची पातळी. अशा नोंदींची एक जुनी, अजून वापरात असलेली पद्धत सिसलॉग. १९८०च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी ती सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रणालीसाठी बनवली. तिच्यात आठ पातळ्या आहेत. शून्य म्हणजे आणीबाणी, यंत्रणा वापरण्याजोगी नाही. सात म्हणजे डीबग, फक्त प्रोग्रामरच्या उपयोगाची बारीकसारीक नोंद. मधे एरर, वॉर्निंग, इन्फो. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हीच नावं थोड्याफार फरकाने सापडतात.

आता दुपारी हा तरुण काय शोधतो ते पाहा. ताईने फोनवर वेळ सांगितली होती : सकाळी ६ वाजून ४२ मिनिटं. तो लॉगमध्ये ०६:४२ शोधतो. तिथे काहीच वावगं नाही. सगळ्या ओळी इन्फो. तो दुसरी फाइल उघडतो. तीही स्वच्छ. क्षणभर असं वाटतं की दुकानातच काही गडबड असावी.

(दृश्य : पडद्यावरच्या एका ओळीची सुरुवात, अगदी जवळून. वेळेच्या शेवटी ‘झेड’.)

त्या वेळेच्या शेवटी असलेलं हे अक्षर बघा. सर्व्हर, म्हणजे हे सॉफ्टवेअर जिथे चालतं तो मुख्य संगणक, भारतीय वेळ लिहीत नाही, जागतिक प्रमाणवेळ लिहितो. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे दुकानातले ६:४२ लॉगमध्ये ०१:१२ ला शोधायचे. घड्याळाचा प्रश्न इतका मूलभूत आहे की एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने काढलेल्या निर्देशांत सर्व्हरची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळती ठेवायला सांगितलं, आणि लॉग १८० दिवस जपायलाही. सुरक्षेच्या घटनांसाठी काढलेला हा नियम साध्या बिघाडाच्या शोधातही तितकाच कामाचा आहे. अनेक ठिकाणी लॉगच्या फाइली जागा वाचवण्यासाठी आठवड्याभरात आपोआप पुसल्या जातात. तक्रार दहाव्या दिवशी आली तर पाहायला काहीच उरत नाही.

०१:१२. इथे एरर आहे.

पण एकाच सेकंदात बाजारातल्या कितीतरी दुकानांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून प्रत्येक विनंतीला एक खुणेचा क्रमांक दिलेला असतो. तरुण तो क्रमांक उचलतो, ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा देतो, आणि बाकी सगळं बाजूला होऊन त्या एकाच पट्टीची कहाणी उरते. विनंती आली. ताईचं खातं ओळखलं. वजन मिळालं. दर मिळाला. डेटाबेसमध्ये जतन करायला गेलो. एरर. त्यापुढे प्रिंटरचा उल्लेखच नाही. प्रिंटरपर्यंत काम पोहोचलंच नव्हतं.

एररखाली चाळीसेक ओळींचा ढिगारा आहे. याला स्टॅक ट्रेस म्हणतात : कोणत्या फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्याने, कोणाला बोलावलं त्याची उतरंड. नवशिके वरची ओळ वाचून थांबतात. हे सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे, आणि जावामध्ये मूळ कारण पुष्कळदा खाली, ‘कॉज्ड बाय’ असं लिहिलेल्या शेवटच्या ओळीत असतं. तरुण थेट तिथे जातो.

(दृश्य : ती ओळ. पडदा स्थिर.)

ओआरए-१२८९९. ऑरॅकल डेटाबेसचा हा क्रमांक सांगतो, की दिलेली किंमत रकान्यात मावत नाही. रकाना : तालुका. प्रत्यक्ष २४, कमाल २०.

तालुका! पडद्यावरचा लाल चौकोन जे एका शब्दाने सांगत नव्हता, ते या ओळीत लिहिलेलं होतं, सकाळपासून.

(दृश्य : फळा. खडूने अक्षरं लिहिली जातात.)

तो फळ्यावर ‘कळमेश्वर’ लिहितो आणि फोडतो. क, ळ, म, त्यावरची मात्रा, श, पाय मोडण्याची खूण, व, र. संगणकाच्या दृष्टीने आठ खुणा. यूटीएफ-८ ही जगभर वापरली जाणारी लिपीसंकेत पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी मांडली. तिच्यात इंग्रजीच्या एका अक्षराला १ बाइट, म्हणजे संगणकातल्या जागेचं एक छोटं माप, लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३. आठ त्रिक चोवीस. रकाना २० बाइटांचा. हाच तालुका इंग्रजीत लिहिला तर दहा अक्षरं, दहा बाइट, आरामात बसतो.

आदल्या संध्याकाळी सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन चढवलं होतं. त्यात तालुक्यांची यादी इंग्रजीतून मराठीत आणली होती. चांगलं काम होतं ते, व्हायलाच हवं होतं. फक्त रकान्याची रुंदी कुणी तपासली नाही. आणि प्रोग्रामरने चाचणीसाठी निवडलेला तालुका होता काटोल. पाच खुणा, १५ बाइट. म्हणून त्याच्याकडे चालत होतं.

तो इथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण तो जिल्ह्यातले बाकीचे तालुके मोजायला घेतो. नरखेड १५. सावनेर १८. रामटेक १८. हिंगणा १८. उमरेड १५. मग भिवापूर : सात खुणा, २१. एका बाइटने बाहेर. पारशिवनी : आठ खुणा, २४. हाही बाहेर. या दोन तालुक्यांतून त्या सकाळी त्या काउंटरवर कुणी आलं नव्हतं, म्हणून तक्रार नव्हती. भिवापूरची मिरची बाजारात यायला लागली की आली असती.

रकान्याची मर्यादा बाइटांऐवजी अक्षरखुणांत मोजण्याचा बदल एका ओळीचा होता. तो संध्याकाळी चढला.

(दृश्य : दुकान, दुसरा दिवस. ताईची वही.)

आता या वहीकडे या. आदल्या दिवशी फोन ठेवल्यावर ताईने अडलेल्या प्रत्येक पट्टीसमोर वेळ आणि गाव लिहून ठेवलं होतं. ब्राह्मणी, मोहपा, धापेवाडा. तिन्ही गावं कळमेश्वर तालुक्यातली. उत्तराचा अर्धा भाग तिच्या वहीत होता, अर्धा सर्व्हरवरच्या फाइलीत, आणि मधला दिवस प्रिंटर चालू-बंद करण्यात गेला. कारण तिला कुणी विचारलं नाही, आणि लॉग पाठवायची सोय तिच्याकडे नव्हती. तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पडद्याचा फोटो पाठवला होता. फोटोत ट्यूबलाइटची चमक नेमकी वेळेच्या आकड्यांवर पडलेली आहे.

बिघाड कळवणाऱ्या माणसाला आम्ही या फिल्ममध्ये मुद्दाम जास्त वेळ देतो आहोत. दुरुस्ती तिच्यापासून सुरू होते. तिला इतकंच हवं असतं की काय कळवायचं ते कुणीतरी नीट सांगावं : मी काय करत होते, काय व्हायला हवं होतं, काय झालं, किती वाजता, कोणतं व्हर्जन. आणि सोबत लॉगच्या त्या वेळेच्या ओळी, आधीच्या काही आणि नंतरच्या काही, मजकूर म्हणून, फोटो म्हणून नव्हे. मजकुरात शोधता येतं. अख्खी फाइल पाठवली तर ती वाचायला कुणाकडे वेळ नसतो, आणि एकच एररची ओळ पाठवली तर त्याआधी काय घडलं ते हरवतं.

(दृश्य : लॉगच्या ओळीत मोबाइल क्रमांक. त्यावर काळी पट्टी चढते.)

पाठवण्याआधी ही पट्टी. लॉगमध्ये शेतकऱ्याचा मोबाइल, बँक खातं, कधी आधार क्रमांकही उतरलेला असतो. मोठ्या कंपन्याही यात घसरल्या आहेत. मे २०१८ मध्ये ट्विटरने जाहीर केलं की एका बिघाडामुळे वापरणाऱ्यांचे पासवर्ड त्यांच्या अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते, आणि ३३ कोटी खातेदारांना पासवर्ड बदलण्याचा विचार करा असं सांगावं लागलं. लिहितानाच झाकलं तर पाठवताना झाकावं लागत नाही. या टीमने तसा बदल केला आहे; आता मोबाइलचे शेवटचे चारच आकडे नोंदवले जातात.

(दृश्य : काउंटरचा नवा पडदा.)

लाल चौकोनही बदलला. त्यात आता विनंतीचा क्रमांक दिसतो, आणि खाली बटण आहे : ‘तक्रार पाठवा’. बटण दाबलं की त्या क्रमांकाच्या ओळी, व्हर्जन आणि भारतीय वेळ आपोआप जोडली जाते. ताईने फक्त दोन वाक्यं लिहायची.

तिने पहिल्याच आठवड्यात जी तक्रार पाठवली ती एररची नव्हती. पट्टी निघाल्यावर शेतकऱ्याला एसएमएस जातो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्याहून लांब संदेश तुकडे होऊन जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात. लॉगमध्ये त्याची वॉर्निंग रोज पडत होती. काम अडत नव्हतं, म्हणून कार्यालयात तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. ताईने लिहिलं : “कधी कधी आधी रक्कम येते आणि मग नाव. लोक फोन करून विचारतात.” खाली लॉगच्या नऊ ओळी, वेळेसकट.

ही तक्रार अजून खुली आहे. संदेशाचा मजकूर ७० अक्षरांत बसवायचा तर काय गाळायचं, यावर टीममध्ये एकमत नाही. दर ठेवायचा की वजन, एवढाच प्रश्न आहे, आणि शेतकऱ्यांना विचारून तो ठरवायचा असं ताईने तक्रारीखाली लिहून ठेवलं आहे.