पाचापैकी दुसरी प्रत

(जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्तानं कोल्हापुरात फोटोग्राफर मंडळींपुढं दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आधी एक कबुली देतो. दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरला पहिल्यांदा गेलो, तेव्हा दोन तास मी नुसता चिडून फिरत होतो. ओखल्याच्या मैदानावर भले मोठे तंबू, आत चित्रं-फोटो विकणाऱ्या गॅलऱ्यांचे पांढरेशुभ्र बूथ, आणि एका भिंतीवर एकच फोटो. विषय काय, तर रिकामी खुर्ची. अशा खुर्च्या आपण लग्नाच्या सीझनला शेकड्यानं टिपतो, त्याही चुकून. शेजारच्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘आवृत्ती ५’. मी किंमत विचारली. बूथवरची मुलगी शांतपणे म्हणाली, “तीन प्रती गेल्यात सर, चौथी आता वाढीव किमतीला.”

आपलं कोल्हापुरी डोकं तिथंच अडकलं. फाइल त्याच्याकडं आहे, प्रिंटर आहे. मग पाचच का? पाचशे काढ की!

या ‘पाचच का’चं उत्तर आजच्या तारखेत आहे. १९ ऑगस्ट १८३९ ला फ्रेंच सरकारनं दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत जगाला खुली केली, म्हणून आपण हा दिवस पाळतो. पण दागेरचा फोटो म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा. त्याला निगेटिव्ह नाही आणि दुसरी कॉपीही नाही. हरवला की संपला. त्याच सुमारास इंग्लंडात टॅल्बट नावाचा माणूस कागदी निगेटिव्हवर काम करत होता, आणि पुढं त्याचीच वाट चालली. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती. आपली पोटं त्याच्यावर भरली, तक्रार नाही. पण फोटोचं एकटेपण तिथं गेलं. आवृत्ती म्हणजे ते एकटेपण फोटोग्राफरनं स्वतःहून परत आणणं. तो सांगतो, या मापात पाच काढीन, सहावी काढणार नाही. शिवाय एक-दोन प्रती स्वतःसाठी, त्यांना आर्टिस्ट प्रूफ म्हणतात. मागच्या बाजूला सही, साल आणि २/५ असा आकडा. प्रती संपत आल्या की किंमत चढते. विकणाऱ्याकडं असतो तो एवढा शब्द, आणि फेअरमधल्या पांढऱ्या भिंती त्या शब्दावर उभ्या असतात. शब्द मोडला तर कुणी फासावर देत नाही, पण पुन्हा दारात कुणी उभं करत नाही.

आंद्रियास गुर्स्की या जर्मन फोटोग्राफरचा ऱ्हाईन नदीचा एक फोटो २०११ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ४३ लाख डॉलरच्या वर गेला. हिरवं गवत, राखाडी पाणी, पुन्हा हिरवं, वर ढगाळ आभाळ. पलीकडची कारखान्याची इमारत त्यानं कॉम्प्युटरवर काढून टाकली होती. सहा प्रतींमधली ती एक. हा फोटो मी कॉलेजच्या पोरांना दाखवला की कुणीतरी हमखास म्हणतं, “सर, आमची पंचगंगा बरी.” बरी आहेच. पण साडेतीन मीटर रुंद प्रिंटपुढं उभं राहणं आणि मोबाइलवर अंगठ्यानं वर सरकवणं, यांत फरक आहे. माप ठरवणं हाही फोटो काढण्याचाच भाग आहे, आणि तो आपण लॅबवाल्यावर सोडून देतो. “बारा-अठरा कर,” झालं.

कागदाचंही तसंच. इथं जुनी माणसं बसली आहेत, त्यांना डार्करूमचा वास आठवत असेल. लाल दिवा, ट्रेमध्ये हळूहळू उमटणारा चेहरा, डेव्हलपरच्या रसायनानं पिवळी झालेली बोटं, निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं केलेलं रिटचिंग. ते सगळे प्रिंट करणारे कारागीर होते. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर १९२० साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा काढला, त्या गावाला हाताचं काम शिकवायला नको. डिजिटल आल्यावर मात्र आपल्या हातातून कागद सुटला. फेअरमध्ये जे टांगतात ते बहुतेक सुती कागदावर, पिगमेंट, म्हणजे रंगकणांच्या शाईनं काढलेलं असतं. हाताला खादीसारखा लागणारा जाड कागद. (हाताला लागणारा म्हणतोय, पण हात लावायचा नाही, कापसाचे मोजे घालायचे.) माझी पहिली चांगली प्रिंट मी हौसेनं फ्रेम केली, थेट काचेला टेकवून, मागं साधा हार्डबोर्ड. आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या श्रावणात कागद काचेला चिकटला आणि कडेनं बुरशीचे ठिपके आले. मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घालून हवेला जागा ठेवायची, मागं आम्लविरहित बोर्ड लावायचा, एवढंच करायचं होतं.

आता माणसांकडं येऊ. फोटोग्राफर दयानिता सिंग यांना २०२२ चा हॅसलब्लाड हा छायाचित्रणातला मानाचा पुरस्कार मिळाला. त्यांनी दफ्तरखान्यांचे फोटो काढलेत, कपड्यात बांधलेल्या कागदांची गाठोडी, मांडण्या, धूळ. आपल्या पुरालेखागारात मोडी कागदांची अशीच गाठोडी असतात, आपण त्यांना रुमाल म्हणतो. आपल्यातला कुणी तिथं कॅमेरा घेऊन गेलाय? बाई तर प्रिंट भिंतीवरही ठेवत नाहीत. लाकडी घडीच्या चौकटी करतात, त्यांत फोटो बसवतात, आणि वाटेल तेव्हा क्रम बदलतात. दुसऱ्या फोटोग्राफर गौरी गिल जव्हारला गेल्या. तिथल्या बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवाचे मुखवटे करणारे कारागीर सोबत घेतले, आणि देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे करायला सांगितले. मग गावातलीच माणसं ते चढवून दवाखान्यात, दुकानात, घरात बसली. हे आपल्या महाराष्ट्रात घडलं आणि जर्मनीत डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात टांगलं गेलं. केतकी शेठ यांनी देशभरातले उरलेसुरले फोटो स्टुडिओच टिपले, पडदे, स्टूल, रंगवलेला बगीचा. म्हणजे विषय आपल्याच दुकानात होता!

आपल्याकडं सुटा फटका मारायची सवय आहे. जोतिबाचा गुलाल, तालमीतली तांबडी माती, रंकाळ्याचा सूर्यास्त. स्पर्धेत बक्षीस मिळतं, सर्टिफिकेट येतं, संपलं. फेअरमध्ये गॅलरीवाला पहिला प्रश्न विचारतो, “आणखी काय आहे?” त्याला एकाच गोष्टीभोवती चार वर्षं घुटमळलेला माणूस हवा असतो. आणि हेही सांगून ठेवतो, विक्रीतला साधारण अर्धा वाटा गॅलरीचा. ऐकून धक्का बसला ना? मलाही बसला होता. पण बूथचं भाडं, ट्रक, विमा, चार दिवस उभी असलेली माणसं, हे त्यातूनच जातं.

माझं घुटमळणं २०१९ च्या पुरानंतर सुरू झालं. शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला पाणी शिरलं, ते आपण पाहिलंय. ड्रोनचे फोटो सगळ्यांकडं आहेत. एका स्नेह्यांच्या स्टुडिओत तळमजल्यावर तीसेक वर्षांच्या रंगीत निगेटिव्ह होत्या. पाणी उतरल्यावर त्यांनी घाईनं त्या उन्हात टाकल्या, आणि निगेटिव्हवरचा जिलेटिनचा थर वाळून सगळ्याची वीट झाली. स्वच्छ गार पाण्यात ओल्याच ठेवल्या असत्या, तर बऱ्याच सुट्या करता आल्या असत्या. मी त्या विटा मागून आणल्या. काही कडेनं उकलल्या, मागून उजेड सोडून टिपल्या. नवरा-नवरीचे चेहरे विरघळून निळ्या-किरमिजी लाटा झालेल्या, मध्येच एक बाशिंग शाबूत. अशी एकवीस चित्रं झाली. त्यातल्या चार एका गॅलरीनं फेअरला नेल्या, प्रत्येकी पाच प्रती.

बाशिंगवाली सगळ्यांत आधी संपली. तेवढ्यात गावातल्या एका दोस्तानं बंगला बांधला. “भावा, ते निळं चित्र आमच्या सोफ्यावर लई शोभतंय, एक कॉपी दे की. पैसे घे.” मी पाचाचं गणित सांगितलं, शब्दाचं सांगितलं. त्याला ते पटलं नाही. “तुझाच फोटो, तुझाच प्रिंटर, आणि तूच नाही म्हणतोस? काय विषय हाय?” दोन महिने बोलणं बंद. मग वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. गेलो. पंगतीत बसलो आणि समोर सोफ्याच्या वर बघतो, तर बाशिंग. फेसबुकवरून उतरवून, सहा बाय चारच्या फ्लेक्सवर, कडेला सोनेरी पट्टी लावून. चेहरे फुटलेले, निळ्याचा जांभळा झालेला, आणि खालच्या कोपऱ्यात छापखान्याचा मोबाइल नंबर.

कटाची आमटी मात्र फक्कड होती.