डिस्ट्रिक्ट कोण जिंकणार, हे आधी कसं ओळखायचं?

अमेरिकेत हाऊसच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या ४३५ जागा, एकेका जागेचा मतदारसंघ म्हणजे डिस्ट्रिक्ट, दर दोन वर्षांनी सगळ्याच्या सगळ्या निवडणुकीला, आणि त्यातल्या बहुतेक जागी कुठला पक्ष येणार हे पोल न बघताही सांगता येतं. त्या डिस्ट्रिक्टने गेल्या दोन प्रेसिडेंट निवडणुकांत कुणाला किती मतं दिली ते काढायचं आणि देशाच्या सरासरीशी ताडून बघायचं, बस. निवडणुकांचा अंदाज देणारे कुक रिपोर्टवाले १९९७ पासून हाच आकडा काढतायत. डी+२० (म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा २० अंकांनी डेमोक्रॅट्सकडे झुकलेला) दिसलं की डेमोक्रॅट, आर+२० दिसलं की रिपब्लिकन, विषय संपला.

आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ ला डेट्रॉइटमधून निवडून आले ना, तिथे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत ओळखण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खरी लढत ऑगस्टच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या फेरीत झाली, उमेदवार ढीगभर, मतं फुटली, आणि ३० टक्क्यांहून कमी मतांत ते पुढे गेले. त्यामुळे माझं सांगणं असं की आधी प्रायमरी बघा, मग बाकीचं.

वॉशिंग्टन राज्याचा तिसरा डिस्ट्रिक्ट घ्या. २०२० ला ट्रम्पकडे झुकलेला भाग, खासदार रिपब्लिकन जेमी हेरेरा ब्युटलर. त्यांनी ट्रम्पच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं आणि २०२२ च्या प्रायमरीतच पडल्या. पुढे आले ट्रम्पचा पाठिंबा असलेले जो केंट, आणि समोर डेमोक्रॅट मेरी ग्लूसेनकॅम्प पेरेझ, नवऱ्याबरोबर गाड्या दुरुस्तीचं गॅरेज चालवणारी बाई, विकत घेतलेली वस्तू आपली आपल्याला दुरुस्त करता आली पाहिजे असं बोलणारी. निवडणुकांचे अंदाज बांधणाऱ्या फाइव्हथर्टीएट साइटच्या मॉडेलने त्यांना १०० पैकी फक्त २ शक्यता दिली होती! तीन लाखांवर मतं पडली आणि त्या साधारण २,६०० मतांनी जिंकल्या. मॉडेलला डिस्ट्रिक्टचा कल बरोबर कळला होता, पण हेरेरा ब्युटलरना मानणारे रिपब्लिकन केंटना मत देतील का हे त्याला पकडता आलं नाही, आणि माझ्या मते सगळा निकाल तिथेच फिरला.

पोलवर फार विसंबू नका. एका डिस्ट्रिक्टचा पोल म्हणजे चार-पाचशे लोक, चूक चार-पाच टक्के इकडे तिकडे, आणि त्यातले बरेच पोल उमेदवारांनीच करून घेतलेले, बरे आले तरच बाहेर येणारे.

ओमाहाचा, म्हणजे नेब्रास्काचा दुसरा डिस्ट्रिक्ट बघा. २०२० ला बायडन, २०२४ ला हॅरिस तिथे पुढे, आणि दोन्ही वेळा खासदार मात्र रिपब्लिकन डॉन बेकन. तिथले मतदार माणूस बघून मत देतात. २०२६ ला आपण उभे राहणार नाही असं बेकननी जाहीर केलंय, वर मध्यावधी निवडणूक, म्हणजे प्रेसिडेंटच्या कारकिर्दीच्या मध्यावर येणारी, ज्यात प्रेसिडेंटच्या पक्षाला बहुतेक वेळा फटका बसतो, दुसऱ्या महायुद्धानंतर १९९८ आणि २००२ सोडले तर दरवेळी हाऊसमधल्या त्यांच्या जागा घटल्यात, म्हणून ही जागा मी आत्ताच डेमोक्रॅट्सच्या बाजूला झुकलेली धरतो.