गाणं जाता जाता राहिलं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या खान्देशातली मुलं-मुली अ‍ॅनिमेशन शिकतात. कुणी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत कामाला लागतं, कुणी जळगाव-धुळ्यात घरीच बसून एखाद्या बियाण्याच्या कंपनीची, एखाद्या ठिबकवाल्याची मिनिटभराची जाहिरात करून देतं. गाऱ्हाणं दोघांचंही सारखंच असतं. आम्ही काढलं एक, वरच्यांनी करायला लावलं भलतंच. पैसा लावणारा एकीकडे, चित्र काढणारा दुसरीकडे. शेवटचा शब्द कुणाचा? आजचं बोलणं याच प्रश्नावर.

थेट गोष्टीवर येतो. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत डिस्नेचा ‘द लिटल मरमेड’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक दोघे, रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर. गाणी लिहिणारे हॉवर्ड अ‍ॅशमन, संगीत अ‍ॅलन मेंकन यांचं. चित्रपट पुरा व्हायच्या आधी तो प्रेक्षकांना दाखवून बघण्याची तिथे रीत आहे. आता अर्धवट चित्रपट दाखवायचा कसा? तर जे प्रसंग रंगवून झालेत ते रंगीत, आणि जे झाले नाहीत त्यांची पेन्सिलीतली काळी-पांढरी चित्रं एकामागे एक लावायची. त्यावर आवाज, गाणी चढवायची. याला म्हणायचं स्टोरी रील. आपल्याकडच्या स्टुडिओत मुलं त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात.

तर असा कच्चा चित्रपट सुरू आहे. समोर लहान मुलं बसली आहेत. पडद्यावर समुद्राच्या राजाची मुलगी एरियल. बुडालेल्या जहाजांतून गोळा केलेल्या माणसांच्या वस्तू तिनं एका गुहेत जपून ठेवल्या आहेत, आणि त्या वस्तूंमध्ये बसून ती गाते. मला वर जायचंय, माणसं चालतात तिथं जायचंय. ‘पार्ट ऑफ युअर वर्ल्ड’ ते हे गाणं. तीन मिनिटांच्या आसपासचं, संथ. त्यात पळापळ नाही, पडझड नाही. आणि नेमका हा भाग तेव्हा पेन्सिलीतच होता.

मुलं चुळबुळ करायला लागली. एका मुलाचे पॉपकॉर्न सांडले. ते पोर पडद्याकडे बघायचं सोडून खालचे दाणे वेचत बसलं.

हे पाहिलं जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी. डिस्नेच्या चित्रपट विभागाचे ते प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे हवेतली धमकी नव्हती. १९८५ च्या ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’मधून त्यांनी सुमारे बारा मिनिटं खरोखरच काढायला लावली होती. त्यांनी सांगितलं, मुलं कंटाळतात, गाणं काढा.

अ‍ॅशमन हटून बसले. दिग्दर्शकही बधेनात. त्यांनी जुना दाखला काढला, १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चा. त्यातलं ‘ओव्हर द रेनबो’ हे गाणंसुद्धा असंच काढून टाकायला निघाले होते, आणि पुढे लोकांनी तो चित्रपट त्याच गाण्यानं लक्षात ठेवला. एरियलला पडद्यावर जिवंत करणारे मुख्य चित्रकार ग्लेन कीन, त्यांनीही गाण्याची बाजू लावून धरली. अखेर गाणं राहिलं. त्या प्रसंगाचं काम पुढे सरकलं, रंग चढले, आणि पुन्हा चित्रपट दाखवला तेव्हा तीच तीन मिनिटं प्रेक्षक गप्प बसून बघत होते.

आता इथे जरा थांबू. कॅट्झेनबर्ग यांना जे दिसलं ते खोटं होतं का? मुळीच नाही. मुलं खरंच कंटाळली होती. चुकलं ते कारण. मारामारीचा, पाठलागाचा प्रसंग पेन्सिलीतही चालतो, कारण कोण कुठून कुठे पळतंय हे नुसत्या रेघेतही कळतं. संथ प्रसंगाचा जीव मात्र पापणीच्या हालचालीत असतो, श्वासात असतो, खांदा किंचित पडण्यात असतो, आणि हे सगळं स्टोरी रीलमध्ये अजून आलेलंच नसतं. एकच चित्र सहा-सहा सेकंद पडद्यावर उभं राहतं. पोर पॉपकॉर्न वेचणार नाही तर काय करणार? वांगं अर्धं कच्चं असताना भरीत चाखायचं आणि लसूण काढा म्हणायचं, तसलाच हा प्रकार.

दुसरं कारण याहून मोठं आहे. ते गाणं कथेत कुठे येतं बघा. एरियलनं राजपुत्राला अजून पाहिलेलंही नाही. म्हणजे वर जायची ओढ तिची स्वतःची आहे, आधीपासूनची आहे. गाणं काढलं असतं तर उरली असती एका मुलासाठी बापाचं घर सोडणारी मुलगी. तीन मिनिटं वाचली असती आणि नायिका गेली असती.

म्हणून लक्षात ठेवा, आणि हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे. दुखणं कुठे आहे हे वरच्यांनी सांगावं, औषध आपण शोधावं. “इथे कंटाळा येतो” ही सूचना कामाची. “हे काढा” हा उपाय झाला, आणि उपाय तपासून घ्यायचा असतो.

न तपासता घेतला की काय होतं, तेही घडलेलं आहे. पिक्सार या स्टुडिओनं डिस्नेच्या पैशावर केलेला ‘टॉय स्टोरी’. डिस्नेकडून सतत सूचना, पात्रं जरा धारदार करा, टोचून बोलणारी करा. पिक्सारवाले मान्य करत गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये स्टोरी रील दाखवली, तर वूडी हा बाहुला इतका खवट झालेला की कुणाला तो बघवेना. काम थांबवलं गेलं. मग त्यांनी कथा स्वतःच्या मनाप्रमाणे पुन्हा बांधली आणि चित्रपट १९९५ मध्ये आला.

बोलता बोलता एक सांगून घेतो. चित्रपट संपला की नावं सुरू होतात आणि आपले लोक खुर्च्या आपटत उठतात. त्या नावांमध्ये चार-चार वर्षं राबलेली माणसं असतात. बसा हो दोन मिनिटं. आणि हो, आपल्या पोरांना अहिराणीत बोलणारी कार्टून कधी बघायला मिळणार? कानबाईच्या गाण्यांत जो ठेका आहे त्यावर नाचणारं एखादं पात्र कुणीतरी काढावं, मला फार वाटतं.

असो. ही भांडणं अ‍ॅनिमेशनमध्ये एवढी टोकाला का जातात, त्याचा हिशेब सोपा आहे. एका सेकंदाला पडद्यावरून २४ फ्रेम, म्हणजे चौकटी, जातात. दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. तीन मिनिटांच्या गाण्याला एकाच पात्राची २,१६० चित्रं. स्टोरीबोर्डवर, म्हणजे प्रसंगांच्या सुरुवातीच्या कच्च्या चित्रांत, बदल करायचा तर पाच कागद फाडायचे. रंग चढल्यावर बदल करायचा तर महिन्यांचं काम पाण्यात. म्हणून वाद घालायचा तो रीलवर घाला. रील लॉक झाली, म्हणजे पक्की ठरली, की त्यानंतरच्या बदलाचे पैसे वेगळे, हे आधीच लिहून घ्या.

रील दाखवायला जाताना संथ प्रसंगाकडे आधी बघा. त्यातले आठ-दहा सेकंद तरी पूर्ण रंगवून, हलते करून न्या, म्हणजे बाकीचं कसं दिसणार हे समोरच्याला कळेल. एक चित्र दोन-तीन सेकंदांहून जास्त उभं राहत असेल तर मध्ये डोळे वळलेलं, मान झुकलेलं आणखी एक चित्र घाला. तात्पुरता आवाजसुद्धा नीट भरा. पंख्याची घरघर आली की प्रसंग पडतो आणि दोष गोष्टीला लागतो. सूचना तोंडी घेऊ नका, त्याच दिवशी लिहून पाठवा. कुठल्या सेकंदाला काय खटकलं, एवढंच लिहा. उपायाची जागा कोरी ठेवा. पुन्हा तेच, दुखणं त्यांचं, औषध आपलं.

आणि करार. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नव्हे, चित्रकार नव्हे. नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा पहिला मालकही, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणारा. तुम्ही स्वतंत्रपणे एखादं पात्र तयार केलं असेल आणि त्याचे हक्क देणार असाल, तर ते लेखीच द्यावे लागतात. कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच हक्क गेले असं मानतो. हक्क विकल्यावरही कामाची मोडतोड होऊन तुमच्या नावाला धक्का लागत असेल, तर कलम ५७ खाली दाद मागता येते. तरीही सहीआधी हे बघा की पात्राचे हक्क कुणाकडे, दुसऱ्या भागात तुम्हाला विचारणार की नाही, आणि नाव कुठे येणार.

वॉल्ट डिस्ने यांनी हे बघितलं नव्हतं. ओस्वाल्ड नावाचा ससा त्यांनी लोकप्रिय केला. १९२८ मध्ये जास्त पैसे मागायला ते न्यूयॉर्कला गेले, तर वितरक चार्ल्स मिंट्झ यांनी उलट कमी पैसे सांगितले. डिस्नेंचे बहुतेक चित्रकार आधीच फोडलेले होते, आणि सशाचे हक्क होते युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीकडे. डिस्ने मोकळ्या हातानं परतले आणि त्याच वर्षी त्यांनी मिकी माऊस आणला. ओस्वाल्ड डिस्ने कंपनीकडे परत आला तो २००६ साली. वॉल्ट डिस्ने जाऊन तेव्हा चाळीस वर्षं होत आली होती.

नमस्कार.