बेरजेची शर्यत

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले आणि आजवर स्कूटरखेरीज दुसरी दुचाकी चालवलेली नाही. तेव्हा मोटारसायकलच्या शर्यतींवर मी बोलावे याचे आपल्याला नवल वाटले, तर ते रास्तच आहे. या विषयात मला ओढले ते माझ्या भाच्याने. २०१४ साली तो नेरूळच्या एका कॉलेजात शिकत होता आणि पाम बीच मार्गावर रात्री पुढचे चाक उचलून गाडी पळवणाऱ्या मुलांच्या गोष्टी घरी येऊन रंगवून सांगत असे. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, ते ऐकून धास्तावली आणि तिने मला गाठले. "दादा, तू त्याला काहीतरी समजाव." मी समजवायला गेलो, आणि त्यानेच मला संगणकासमोर बसवले. "मामा, खरी शर्यत काय असते ती आधी बघ तरी."

ती रेड बुल रुकीज कपची शर्यत होती. किशोरवयीन मुलांची ही स्पर्धा २००७ साली सुरू झाली. ती युरोपात मोटोजीपीच्या, म्हणजे मोटारसायकलच्या सर्वोच्च जागतिक अजिंक्यपदाच्या, मोठ्या शर्यतींसोबत, त्याच ट्रॅकवर भरते आणि तिची मेख अशी की सर्वांना गाडी एकाच प्रकारची मिळते: केटीएमची आरसी २५० आर, एका सिलिंडरची, निव्वळ शर्यतीसाठी बांधलेली. चाकणला तयार होऊन आपल्या घोडबंदर रस्त्यावर दिसणाऱ्या नारिंगी आरसीशी तिचे नाव जुळते, जात जुळत नाही. गाडी सारखी असली की घरच्या पैशाने जास्त वेगवान इंजिन विकत घेण्याची सोय उरत नाही, आणि सरळ पट्ट्यात कोणी कोणाला मागे टाकून निघूनही जाऊ शकत नाही. उलट, पुढच्या गाडीने हवा कापून ठेवल्यामुळे मागच्याला हवेचा अडथळा कमी होतो आणि तोच वेगाने वर येतो. इटलीतल्या मुजेल्लो ट्रॅकवर शेवटच्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा लागतो आणि अंतिम रेषा त्याच पट्ट्यावर आहे. "शेवटच्या वळणातून बाहेर पडताना तुला कितवे राहायला आवडेल?" असे भाच्याने विचारले. मी अर्थातच "पहिले" म्हणालो, आणि तो मनापासून हसला, कारण त्या पट्ट्यावर पुढे असलेला बहुधा मागच्यांचे आयते सावज ठरतो.

माझे लक्ष खरे वेधले ते गुणांच्या कोष्टकाने. पहिल्याला २५ गुण, मग २०, १६, १३, ११, आणि सहाव्याच्या १० पासून एकेक उतरत पंधराव्याला १. जो पडला, त्याला भोपळा. मी एक रेघांची वही काढली आणि भाच्याला उदाहरण घातले: चार शर्यतींपैकी दोन जिंकणाऱ्या आणि दोनदा पडणाऱ्याचे गुण होतात ५०; चारही वेळा मुकाट्याने तिसरा येणाऱ्याचे ६४. तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिला. पाम बीचबद्दल मी त्या दिवशी एक अक्षरही काढले नाही.

त्या वर्षीचा हंगाम मे महिन्यात स्पेनमधल्या हेरेसला सुरू होऊन सप्टेंबरअखेर आरागॉनला संपला. एकूण १४ शर्यती झाल्या आणि प्रत्येकीचे गुण वहीत चढत गेले. पडलेल्याच्या नावापुढे मी लाल शाईने फुली मारत असे, शाळेची सवय. अजिंक्यपद सोळा वर्षांच्या होर्हे मार्टिनने मिळवले आणि जोआन मिर दुसरा आला. जर्मनीतल्या झाक्सेनरिंगची एक शर्यत तोप्राक राझगातलिओग्लू नावाच्या तुर्की मुलाने जिंकली, जो पुढे सुपरबाइकचा जगज्जेता झाला. त्याचे वडील एका चाकावर गाडी चालवण्याच्या कसरतींसाठी त्यांच्या देशात प्रसिद्ध होते. ही माहिती आम्ही माझ्या बहिणीपासून कटाक्षाने लपवून ठेवली.

तिची भीती मात्र निराधार नव्हती, हे मला सांगितलेच पाहिजे. भोपळा हा कोष्टकातला शब्द झाला, पडण्याची खरी किंमत कोष्टकात मावत नाही. २०२१ या एका वर्षात युरोपातल्या ट्रॅकवर चौदा, पंधरा आणि एकोणीस वर्षांची तीन मुले दगावली. त्यानंतर जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींसाठी किमान वय २०२३ पासून अठरा करण्याचे ठरले. त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा गेला. तेराव्या वर्षी मुले आमच्याकडे आठवीत बीजगणिताची सूत्रे पाठ करत असतात. इतक्या लवकर ही घाई कशासाठी, याचे पटणारे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

वहीतल्या पहिल्या दोन नावांचे पुढे काय झाले, ते मात्र फार देखणे आहे. मिर २०२० साली मोटोजीपीचा जगज्जेता झाला, तो १४ शर्यतींपैकी फक्त एक जिंकून. मार्टिनची पाळी २०२४ साली आली. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रान्चेस्को बान्याया याने त्या वर्षी रविवारच्या मुख्य शर्यती ११ जिंकल्या, मार्टिनने अवघ्या ३. पण बान्यायाच्या खात्यात पडझडीचे भोपळे जास्त होते. नोव्हेंबरात बार्सिलोनाला झालेली शेवटची शर्यतही बान्यायानेच जिंकली, मार्टिन तिसरा आला आणि तेवढे त्याला पुरले.

भाचा आता ऐरोलीला नोकरी करतो. त्या रविवारी तो मुद्दाम ठाण्याला आला होता. त्याने कपाटावरून जुनी वही काढली, धूळ झटकली, २०१४ च्या पानाखाली उरलेल्या जागेत मार्टिनचे ५०८ आणि बान्यायाचे ४९८ असे दोन आकडे लिहिले, वजाबाकी केली आणि तपासायला वही माझ्यापुढे सरकवली. उत्तर १० होते. मी लाल पेनाने बरोबरची खूण केली.