टाकीत न बोलावता आलेले: आधी ओळखा, मग चिमटा उचला

नमस्कार मंडळी. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरातले झोपलेत, म्हणून जरा हळू बोलतोय. टाकीचे दिवे बंद होऊन दोन तास झालेत. हातात साधी टॉर्च आहे, काचेवर लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधलाय. लाल उजेडाला हे दगडांतून लपून आलेले बारके प्राणी फारसे बुजत नाहीत. खाऱ्या पाण्याची नवी टाकी लावलीत ना? मग दिवसा बघून काही कळणार नाही, असं रात्री बसावं लागतं.

(कॅमेरा काचेजवळ)

हे बघा. भेगेतून गुलाबी-करडं काहीतरी निघालंय, दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके. गोमच वाटते! हा ब्रिसल वर्म. माशांचं उरलेलं, कुजायला लागलेलं अन्न हीच याची पंगत. पहिल्या टाकीत मी असे चौदा पकडून फेकले आणि महिन्याभरात वाळू काळपट झाली. फुकटचा सफाई कामगार मीच हाकलला होता. मात्र बोट लावू नका. ते केस कातडीत मोडतात आणि खाजकुयलीसारखी आग होते. लागलेच तर चिकटपट्टी लावून ओढून काढा. कोरल कुरतडणारा फायरवर्म वेगळा. तो अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला, जाडजूड, डोक्यावर मांसल तुरा असलेला.

माझ्या टाकीत सगळा कोरडा, म्हणजे जीव नसलेला दगड आहे, मग हा आला कुठून? मित्राच्या जुन्या टाकीतून बॅक्टेरियासाठी मूठभर दगडाचा चुरा आणला होता, त्यातून. आणि हो, मालवणला गेलात तर प्रवाळाचा तुकडा खिशात टाकून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आपली दगडी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्याच पंगतीला.

आता खरा डोकेदुखी देणारा. हा तपकिरी, अर्धपारदर्शक देठ, वर नारळाच्या झावळ्यांसारखा झुपका, हातांची टोकं सुईसारखी. जवळ काडी नेली... गेला भोकात! हा एप्टेजिया, म्हणजे एक समुद्री फूल (ॲनिमोन). टोकं फुगीर असती तर मजानो, म्हणजे त्याच्यासारखाच दुसरा ॲनिमोन म्हटलं असतं. मागे माझ्याकडे एकच होता, मी शहाणपणा करून टूथब्रशने घासून काढला. पंधरा दिवसांनी मोजले तर सतरा. पायाचा कण जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवा उगवतो. म्हणून घासायचं नाही, तोडायचं नाही. पंप बंद करा, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने हळूच त्याच्या तोंडावर सोडा. म्हणजे चुनाच, पण पानाच्या डबीतला नको, शुद्ध घ्या. एका दिवशी तीन-चारच, नाहीतर पीएच चढतो. संख्या फार झाली तर बर्गिया नावाची इवलीशी समुद्री गोगलगाय मिळते का बघा. ती एप्टेजियाशिवाय काही खात नाही, त्यामुळे तो संपला की तीही उपाशी मरते.

काचेवर पळणारे पांढरे ठिपके? कोपेपॉड. खूश व्हा, माशांचा खाऊ आहे. वेड्यावाकड्या हातांची नखाएवढी चांदणी म्हणजे अस्टरिना, बहुतेकदा शेवाळच खाते. खेकडा केसाळ आणि नांग्यांची टोकं काळी असतील तर मी ठेवत नाही. काचेच्या पेल्यात कोलंबीचा तुकडा टाकून तो दगडाला तिरका टेकवून ठेवा. आत उतरतो, गुळगुळीत काचेवरून वर येता येत नाही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: किडे मारायला दगड उकळू नका. त्यावर झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे, प्रवाळाचे नातलग) असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष नाकात जातं. यात अख्खी कुटुंबं दवाखान्यात पोचली आहेत.

आणि रात्री काच तडकल्यासारखा आवाज आला तर आधी काच बघा, मग दगड. एक नांगी अवाढव्य असेल तर पिस्टल श्रिंप, राहू द्या. पण देठावरचे डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत असतील तर मँटिस श्रिंप, तो शंख फोडून आतली गोगलगाय खातो, त्याला वेगळी टाकी.

...ऐकलंत? टक्.

काल सकाळी वाळूत शंख सापडला होता, गोगलगाय गायब आणि कडेचा हा एवढा टवका उडालेला. थांबा, टॉर्च त्या कोपऱ्यात नेतो.